बटण लावलं, पण पैसे कुठे अडले?

छोट्या वेबसाइटवर ऑनलाइन पैसे घेण्याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेकांचा सूर एकच आहे: बटण दिसतंय, पुढचं कळत नाही. म्हणून बटणाच्या रंगरूपापेक्षा ते दाबल्यावर काय होतं यावर इथे जास्त लिहिलं आहे. शुल्काचे दर बदलत असतात, तेव्हा खालचे आकडे आपापल्या पेमेंट खात्याच्या डॅशबोर्डाशी एकदा ताडून पाहा.

प्रश्न : काजूगर आणि भिरंडाची सोलं विकतो. एका पानाची साइट आहे, तिच्यावर क्यूआर कोडचं चित्र टाकलंय. भाचा म्हणतो, यूपीआयची लिंक टाका, फुकटात बटण होतं. तेवढ्यावर भागेल का? – एक व्यावसायिक, वाळपई

क्यूआरचं चित्र गल्ल्यावर शोभतं. साइट बघणारा माणूस मात्र फोनवरच असतो, आणि आपल्याच फोनच्या पडद्यावरचा कोड त्याच फोनने स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढायचा, ॲप उघडायचं, गॅलरीतून तो उचलायचा. अर्ध्या किलो काजूगरांसाठी एवढा व्याप कोण करतो?

भाचा सांगतो ती लिंक अशी बनते. आधी यूपीआय ही अक्षरं, कोलन, दोन तिरप्या रेघा, मग ‘पे’ आणि प्रश्नचिन्ह. त्यापुढे तुकडे: ‘पीए’ म्हणजे तुमचा यूपीआय आयडी, ‘पीएन’ नाव, ‘एएम’ रक्कम, ‘सीयू’ चलन (आयएनआर), ‘टीएन’ टीप. सगळ्या खुणा रोमन लहान अक्षरांत, फक्त आयएनआर मोठ्या अक्षरांत, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये अँपरसँड (&). नावात मोकळी जागा असेल तर तिथे टक्क्याचं चिन्ह आणि २० लिहायचं. रक्कम ४५०.०० अशी, स्वल्पविराम नको, रुपयाचं चिन्ह नको. अँड्रॉइड फोनवर ही लिंक दाबली की फोनमधली यूपीआय ॲप्स समोर येतात. इथवर भाच्याचं खरं.

पण लॅपटॉपवर हीच लिंक मेलेली. आयफोनवर नेमकं कुठलं ॲप उघडेल याचा भरवसा नाही. व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती निळी होत नाही, नुसता मजकूर राहते. इन्स्टाग्रामवरून आलेला गिऱ्हाईक इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये असतो आणि तिथे बऱ्याचदा ‘हा पत्ता उघडता येत नाही’ एवढंच दिसतं. आयडी वैयक्तिक खात्याचा असला तर ॲप सुरक्षेचं कारण देऊन व्यवहार नाकारूही शकतं. ही वाट धरायचीच तर आधी व्यापारी आयडी घ्या. आणखी एक गोष्ट: रक्कम लिंकमध्ये उघडी असते. ४५०चे ४५ करायला कुणाला अर्धा मिनिटही लागणार नाही.

या सगळ्याहून मोठी उणीव म्हणजे पैसे आले हे तुमच्या साइटला कधी कळतच नाही. बँकेचा मेसेज येतो ‘४५० जमा’, पण ते काजूगरांचे की सोलांचे, आणि माल पाठवायचा कुठे?

दिवसाला चार-पाच ऑर्डर आणि गिऱ्हाईक ओळखीचं असेल, तर लिंक आणि पत्त्यासाठी व्हॉट्सॲप एवढं पुरतं. उगाच गेटवेच्या, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुमच्या बँकेत पोचवणाऱ्या कंपनीच्या, मागे लागू नका. त्यापुढे गेलात की गेटवेचं बटण घ्या. त्याचा खर्च असा: रेझरपे या गेटवेचा सर्वसाधारण दर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ४५०च्या पाकिटामागे ९ रुपये शुल्क, १.६२ जीएसटी, हातात ४३९.३८. पुरते ४५० हवे असतील तर किंमत ४६१ लावावी लागेल. ‘यूपीआय तर फुकट आहे ना?’ असं अनेकांनी विचारलंय. १ जानेवारी २०२०पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर बँकांचा एमडीआर (व्यवहारामागे दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क) शून्य आहे, हे खरं. गेटवे जे घेतो ते त्याच्या सेवेचं शुल्क, ते वेगळं. काही कंपन्या यूपीआयसाठी कमी दर लावतात. खातं उघडण्याआधी विचारून घ्या, नंतर कोणी स्वतःहून सांगत नाही.

प्रश्न : रेझरपेवर खातं झालं. बटणाचा कोड वर्डप्रेसच्या पानात पेस्ट केला, तर बटणाऐवजी कोडच छापून येतो. – लोणची-मसाले, फोंडा

कोड परिच्छेदात पेस्ट झालाय. वर्डप्रेसमध्ये नवा ब्लॉक घेताना ‘कस्टम एचटीएमएल’ नावाचा ब्लॉक निवडा आणि त्यात टाका. ब्लॉगरवर असाल तर ‘कंपोझ’ नव्हे, एचटीएमएल दृश्यात जाऊन.

एवढं करूनही होत नसेल तर कोडकडे नीट बघा. तो चार-पाच ओळींचा असतो: बाहेर फॉर्म टॅग, आत एक स्क्रिप्ट टॅग, आणि त्यात ‘पीएल’ व अंडरस्कोरने सुरू होणारा तुमच्या बटणाचा क्रमांक. हा कोड वर्डच्या फाइलमधून फिरून आला की सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि स्क्रिप्ट मुकाट्याने मरते. डोळ्यांना फरक दिसत नाही, ब्राउझरला दिसतो. डॅशबोर्डातून थेट पानात पेस्ट करा, मध्ये कुठे थांबवू नका.

दुसरी चूक: चौकशीचा फॉर्म आधीच पानावर आहे आणि बटण त्याच्याच पोटात टाकलंय. एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आत फॉर्म चालत नाही. ब्राउझर आतला टॅग गिळून टाकतो आणि बटण एकतर दिसत नाही किंवा दाबल्यावर चौकशीचाच फॉर्म जातो. बटण फॉर्मच्या बाहेर, खाली घ्या.

तिसरी: साइट वेगवान करणारं प्लगइन. बटण स्क्रिप्ट जिथे असेल तिथेच उमटतं. हे प्लगइन सगळ्या स्क्रिप्टा गोळा करून तळाशी नेतं किंवा उशिरा चालवतं, आणि बटण गायब. प्लगइनच्या सेटिंगमध्ये या स्क्रिप्टला वगळा, मग कॅशे (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) साफ करा. लॉगिन असताना तुम्हाला बटण दिसतं आणि गिऱ्हाइकाला नाही, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के हेच समजा. साइट वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकटच्या योजनेवर असेल, तर मात्र सेव्ह करताक्षणी स्क्रिप्ट काढून टाकली जाते. तिथे कितीही वेळा पेस्ट करा, टिकणार नाही. मग गेटवेच्याच साइटवर पेमेंट पेज (पैसे भरायचं तयार पान) बनवून त्याची साधी लिंक द्यायची. गूगल साइट्सवाल्यांनीही तेच करावं. तिथे एम्बेड केलेला कोड एका चौकटीत कोंडलेला चालतो आणि त्या चौकटीतून यूपीआय ॲप उघडायला कुरकुर होते.

बटण बनवताना दोन गोष्टी विसरल्या जातात. डॅशबोर्डात ‘पेमेंट बटण’ निवडून प्रकार, शीर्षक, बटणावरची अक्षरं आणि रक्कम भरली की काम झालं असं वाटतं, पण फॉर्म स्वतःहून फक्त ईमेल आणि फोन विचारतो. घराचा पत्ता आणि पिनकोड ही खणं तुम्ही जोडायची, आणि ‘आवश्यक’वर खूण करायची. नाहीतर लोणच्याचे पैसे येतात आणि बरणी जागेवर बसून राहते. दुसरं, टेस्ट मोड. टेस्टमध्ये बनवलेलं बटण लाइव्हमध्ये जात नाही. लाइव्हला जाऊन ते पुन्हा बनवायचं आणि नवा कोड लावायचा. टेस्टच्या बटणावर पैसे ‘यशस्वी’ दिसतात, पण ते खरे नसतात. साइट चालू करण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून दहा रुपयांचं खरं पेमेंट करा, ते खात्यात येईपर्यंत थांबा (साधारण कामाचे दोन दिवस), मगच लोकांना सांगा.

प्रश्न : खाजे आणि लाडू विकतो. गेटवेकडून केवायसीचा अर्ज तीनदा परत आला, ‘वेबसाइट अपूर्ण’ म्हणून. आणखी काय हवं त्यांना? दोडामार्ग, सावंतवाडीकडेही माल जातो. – डिचोली

त्यांना पाच पानं हवी असतात: संपर्क, अटी, गोपनीयता, परतावा व ऑर्डर रद्द करणं, आणि माल पोचवण्याची माहिती. दुसऱ्याच्या साइटवरून उचललेला मजकूर चालतो असं समजू नका. तपासणारा त्यात तुमचं नाव शोधतो, आणि तिथे दिल्लीच्या कुठल्याशा कपड्यांच्या दुकानाचं नाव सापडतं. परताव्याच्या पानावर दिवस लिहा: ‘फुटलेलं पाकीट मिळाल्यापासून ४८ तासांत फोटो पाठवा, पैसे ५ ते ७ कामाच्या दिवसांत त्याच खात्यात’. खाण्याचा माल परत घेत नसाल तर तसं स्पष्ट लिहा. त्याला हरकत नसते, हरकत मोघमपणाला असते. किमती रुपयांत, प्रत्येक वस्तूपुढे दिसल्या पाहिजेत. ‘भावासाठी फोन करा’ हे अर्ज परत येण्याचं ठरलेलं कारण. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांकही साइटवर टाका.

मग नावं जुळवा. पॅनवरचं नाव, बँक खात्याचं नाव आणि अर्जातलं नाव एकच हवं. खातं बायकोच्या नावावर आणि पॅन नवऱ्याचा, इथेच अनेक अर्ज अडतात. दुकानाच्या नावाने चालू खातं काढायचं तर लघुउद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी कामाला येते. ती सरकारी पोर्टलवर फुकट आहे. कुणी तिचे दोन हजार मागत असेल तर तो मध्यस्थ आहे.

अर्ज मंजूर झाल्यावर साइटचा पत्ता बदललात तर गेटवेला आधी कळवा. नोंदवलेल्या पत्त्याशिवाय दुसऱ्या डोमेनवरून आलेलं पेमेंट अडवलं जातं, आणि गिऱ्हाइकाला नुसतं ‘पेमेंट झालं नाही’ एवढं दिसतं.

आता दोडामार्ग. डिचोलीहून ते हाकेच्या अंतरावर आहे, पण ते महाराष्ट्रात, म्हणजे जीएसटीच्या हिशेबाने परराज्य. मालासाठी ४० लाखांची नोंदणीमर्यादा राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना. करपात्र माल परराज्यात गेला की उलाढाल कितीही असो, नोंदणी करावीच लागते. हस्तकलेच्या वस्तूंना काही सूट आहे, खाज्याला नाही. आजवर हाताने पाठवलेल्या डब्यांची कुठे नोंद नव्हती. ऑनलाइन पेमेंटमध्ये पिनकोडसकट होते. म्हणून बटण लावण्याआधी करसल्लागाराला भेटा, किंवा निदान सुरुवातीला फक्त गोव्याचे पिनकोड घ्या.

प्रश्न : गिऱ्हाइकाचे १,२०० रुपये कापले गेले, आमच्याकडे ‘फेल’ दाखवतंय. तो रोज फोन करतो. मी गूगल पेने परत पाठवू का? – पेडणे

नको. यात लोक स्वतःच्या खिशातले पैसे घालवतात.

पेमेंट एका उडीत होत नाही. आधी ते ‘तयार’ होतं, मग बँक होकार देते, मग गेटवे ते ‘कॅप्चर’ करतो, म्हणजे तुमच्या नावावर ओढतो. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे निघाले आणि बँकेचा होकार गेटवेला वेळेत पोचला नाही, तर तुमच्याकडे ‘फेल’ आणि त्याच्याकडे ‘डेबिट’. हे पैसे मधल्या बँकांच्या हिशेबात असतात, तुमच्याकडे नाहीत. पुढे दोनपैकी एक होतं: पैसे आपोआप त्याच्याकडे परत जातात, किंवा होकार उशिरा पोचून तुमच्याकडे ‘फेल’चं ‘यशस्वी’ होतं. तुम्ही आज १,२०० पाठवलेत आणि उद्या बँकेनेही परत केले, तर त्याला दुप्पट मिळाले. ते परत मागायला तुम्हीच फोन करत बसाल.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक इथे उपयोगी आहे. दुकानदाराला केलेलं यूपीआय किंवा ऑनलाइन कार्ड पेमेंट अर्धवट राहिलं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला मिळते, तीही न मागता. त्याला हे सांगा, आणि त्याच्या बँकेच्या ॲपमधला १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक मागून घ्या. तो क्रमांक डॅशबोर्डात शोधा. सापडला नाही तर गेटवेच्या मदतकक्षाला पाठवा आणि त्यांचा तक्रार क्रमांक गिऱ्हाइकाला द्या. तक्रार त्याने स्वतःच्या बँकेकडेही करायची, कारण खातं त्याचं आहे.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. माणूस पैसे भरायला यूपीआय ॲपमध्ये जातो आणि परत तुमच्या साइटवर येतच नाही. ‘धन्यवाद’चं पान उघडत नाही, पण पैसे आलेले असतात. म्हणून ऑर्डर त्या पानावरून मोजू नका. रोज संध्याकाळी डॅशबोर्डात ‘कॅप्चर्ड’ लिहिलेली यादी उघडा आणि तिच्यावरूनच माल बांधा. साइट बनवणारा कोणी हाताशी असेल तर त्याला वेबहूक लावायला सांगा. त्यात गेटवे स्वतःहून तुमच्या सर्व्हरला निरोप देतो, गिऱ्हाइकाचा ब्राउझर बंद असला तरी.

प्रश्न : मोरजीला तीन खोल्यांचा होमस्टे आहे. परदेशी पाहुण्यांकडून आगाऊ रक्कम कशी घ्यावी? बरेच पाहुणे रशियन आहेत.

साइटवर दोन बटणं ठेवा, एक भारतीयांसाठी आणि एक परदेशी पाहुण्यांसाठी. १ एप्रिल २०२१पासून पेपल भारतातल्या भारतात पैसे घेत नाही. परदेशातून येणारे घेता येतात, ते रुपयांत होऊन तुमच्या बँकेत आपोआप जमा होतात, आणि खातं उघडताना पैसे कशाचे हा ‘पर्पज कोड’ निवडावा लागतो. किंवा भारतीय गेटवेवरच परदेशी कार्डांची मंजुरी वेगळी मागा. रेझरपेचा त्याचा दर साधारण ३ टक्के अधिक जीएसटी. कुठलाही मार्ग घ्या, पर्यटन खात्याकडच्या नोंदणीचा दाखला तयार ठेवा. गोव्याच्या १९८२च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली ती तुम्हाला तशीही लागतेच.

रशियन पाहुण्यांचं दुखणं बटणाचं नाही. मार्च २०२२मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातला कारभार थांबवला. तिथल्या बँकांनी दिलेली त्यांची कार्डं रशियाबाहेर चालत नाहीत. पेपलनेही तेव्हाच तिथलं काम बंद केलं. म्हणजे पाहुणा प्रामाणिकपणे कार्ड घालतो आणि ते नाकारलं जातं. त्यात तुमची साइट बिघडलेली नसते. त्याच्याकडे कझाकस्तान किंवा जॉर्जियासारख्या दुसऱ्या देशातल्या बँकेचं कार्ड आहे का, एवढं आधी ईमेलने विचारा. नसेल तर एका रात्रीचा धोका पत्करून आगाऊ रकमेशिवाय खोली धरून ठेवायची की नाही, हा निर्णय तुमचा. इथे आल्यावर तो अधिकृत मनी चेंजरकडून रुपये करून देऊ शकतो, किंवा परदेशी पर्यटकांसाठीचं ‘यूपीआय वन वर्ल्ड’ वॉलेट घेऊ शकतो. परवान्याशिवाय तुम्ही स्वतः डॉलर-युरो बदलून देण्याच्या भानगडीत पडू नका.

परदेशी कार्डाचा आणखी एक फटका म्हणजे चार्जबॅक. पाहुणा राहून जातो आणि घरी पोचल्यावर बँकेला सांगतो, ‘हे पैसे मी दिले नाहीत’. अशी तक्रार साधारण १२० दिवसांपर्यंत येऊ शकते. तुमच्या बाजूचे पुरावे म्हणजे सही असलेलं रजिस्टर, एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे) भरलेली पाहुण्याची नोंद आणि बुकिंगचे ईमेल. गेटवेने उत्तरासाठी दिलेली मुदत थोड्या दिवसांची असते. ती चुकली की पुरावा कितीही पक्का असो, पैसे गेले. रद्द करण्याच्या अटी बटणाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत लिहा. तळाच्या लिंकमध्ये लपवलेल्या अटी वादात टिकत नाहीत.

प्रश्न : मानकुराद आंब्याच्या हंगामात आगाऊ बुकिंग घेतो. मागच्या वर्षी होते त्यापेक्षा जास्त पेट्यांचे पैसे आले. – म्हापसा परिसर

साध्या बटणाऐवजी पेमेंट पेज घ्या. त्यात प्रत्येक वस्तूपुढे साठा लिहिता येतो आणि पान बंद व्हायची तारीख टाकता येते. ४० पेट्या लिहिल्यात की ४१वी घेतली जात नाही. झाडावर १०० दिसत असल्या तरी ६०च लिहा. पाऊस आणि माकडं डॅशबोर्डाला विचारून येत नाहीत.

परतावा फुकट नसतो. १,५०० रुपयांच्या पेटीवर ३० रुपये शुल्क आणि ५.४० जीएसटी गेलेला असतो. पूर्ण पैसे परत केलेत तरी हे ३५.४० सहसा परत मिळत नाहीत. परतावा नेहमी डॅशबोर्डातल्या त्याच व्यवहारावरून करा, वेगळ्या यूपीआयने नाही. नाहीतर नोंदीत विक्री तशीच राहते. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त मालच विकत असाल तर परराज्यात पाठवूनही नोंदणी लागत नाही. त्याच साइटवर आंब्याचं साट ठेवलंत की चित्र बदललं.

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाच्या साइटवर देणगीचं बटण हवंय. गावचे बरेच लोक कुवेतला आणि इंग्लंडात आहेत. – फोंडा तालुका

बटण बनवायला दहा मिनिटं लागतात. ‘डोनेशन’ प्रकार निवडा, रक्कम देणाऱ्यावर सोडा, पण किमान १०० ठेवा. चोरलेली कार्डं चालतात का हे बघायला काही लोक एक-दोन रुपयांची देणगी देतात. पॅनचं खण जोडा, ८०जीची (आयकर सवलतीची) पावती द्यायची असेल तर ते लागतंच.

खरी काळजी पासपोर्टची. देणारा कुठे राहतो यापेक्षा तो कुठल्या देशाचा नागरिक आहे यावर कायदा चालतो. कुवेतमध्ये राहणारा भारतीय नागरिक स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देतो, ती परदेशी देणगी ठरत नाही. पण इंग्लंडात स्विंडनला असलेल्या गावकऱ्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही त्याची देणगी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परदेशी ठरते. त्यासाठी संस्थेची केंद्राकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. गोव्यातल्या संस्थांना हा नियम जितका लागतो तितका फार थोड्या ठिकाणी लागत असेल. तुमच्याकडे नोंदणी नसेल तर परदेशी कार्डांची सोय बंद ठेवा, आणि बटणाच्या फॉर्मवर ‘मी भारतीय नागरिक आहे’ असं आवश्यक खण ठेवा. चुकून पैसे आलेच तर वापरू नका. सीएला विचारून परत करा.

कुवेतच्या मंडळींना यूपीआय चालेल का, हेही याच पत्रात विचारलंय. जानेवारी २०२३मध्ये अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांना परदेशी मोबाइल क्रमांकावर यूपीआय खुलं झालं ते दहा देशांसाठी. त्यात ओमान, कतार, सौदी, अमिराती होते, कुवेत नव्हतं. त्यांनी भारतीय बँकेचं डेबिट कार्ड किंवा नेट बँकिंग वापरावं. गेटवेच्या लेखी ते देशांतर्गतच पेमेंट.

प्रश्न : घरची काजू फेणी साइटवर विकता येईल का?

बटणाने नाही. मद्य बहुतेक गेटवेंच्या मनाई यादीत आहे, आणि अबकारी परवान्याचा प्रश्न वेगळाच. ‘काजू सरबत’ नाव देऊन विकाल तर खातं बंद होईल, आणि तोवर जमलेले पैसे चौकशी संपेपर्यंत अडकतील.

प्रश्न : पुतण्याने साइटच्या कोडमध्ये गेटवेच्या दोन्ही कळा (‘की’) टाकल्यात. चालतं का? – केपे

आजच्या आज काढा. ‘की आयडी’ पानावर दिसली तर हरकत नाही, ती त्यासाठीच असते. ‘की सीक्रेट’ मात्र पासवर्डासारखी, फक्त सर्व्हरवर ठेवायची. पानावर उजवी क्लिक करून ‘सोर्स’ बघणाऱ्या कुणालाही ती दिसते आणि तिने तुमच्या खात्यावरून परतावे काढता येतात. नुसतं कोडमधून पुसून भागत नाही. डॅशबोर्डातून नवी कळ बनवा आणि जुनी रद्द करा. पेमेंट बटणाचा तयार कोड वापरत असाल तर या कळा पानात टाकायची गरजच नाही.

प्रश्न : गिऱ्हाईक ‘पैसे पाठवले’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवतो. खरा कसा ओळखायचा? – मडगाव

स्क्रीनशॉट ओळखायचाच नाही. तसे खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप्स आहेत, नाव, रक्कम, वेळ सगळं हवं तसं. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक टाइप करून पाठवायला सांगा आणि तो आपल्या बँकेच्या किंवा गेटवेच्या यादीत शोधा. बँकेचा मेसेजही पुरावा मानू नका. तो कुठल्या नावाने आलाय ते बघा, दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आलेला ‘जमा झाले’ हा बँकेचा नसतो. आणि ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.